नाताळचा पोपट आणि आमचे दोन बजी

दिवाळीच्या आधीचा भाग आहे, त्यामुळे आज पाहुणे नाहीत. फक्त मी, माइक आणि मागून जो किलबिलाट ऐकू येतोय ना, ते दोघं. आमचे बजी. दुकानात यांनाच सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात, पण हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे छोटे पोपट. आपला देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, म्हणून घरोघरी हेच दिसतात.

तर झालं असं, की दिवाळीला मी पुण्याहून कराडजवळच्या आमच्या गावी जातो. आजीचा फोन आला, "आरं, ती पाखरं घिऊन ये की औंदा बी." आजी ८१ वर्षांची आहे आणि तिला दम्याचा जुना त्रास आहे. पिंजरा गाडीत कसा बांधायचा, खंबाटकी घाटात काय करायचं, हे शोधायला म्हणून मी बसलो आणि शोधता शोधता पोचलो १९२९ सालच्या अमेरिकेत. आजची गोष्ट तिथली आहे.

मेरीलँड राज्यात अॅनापोलिस नावाचं गाव आहे. तिथल्या सायमन मार्टिन यांनी बायकोला, लिलियनला, नाताळची भेट म्हणून बाल्टिमोरच्या दुकानातून एक पोपट घेतला. भेट गुपचूप द्यायची होती, म्हणून सणापर्यंत पोपट मुलीकडे आणि जावयाकडे ठेवला. पण नाताळ येईपर्यंत पोपटाने पिसं फुगवली, मान टाकली आणि तो मेला. थोड्याच दिवसांत लिलियन, मुलगी आणि जावई, तिघंही तापाने आणि न्यूमोनियासारख्या आजाराने अंथरुणाला खिळले. डॉक्टरांना काही उमगेना. पोपटापासून होणाऱ्या तापाबद्दल पेपरात आलेलं आठवलं ते डॉक्टरांच्या बायकोला! जानेवारी १९३० च्या सुरुवातीला वॉशिंग्टनला, सार्वजनिक आरोग्य खात्याकडे चौकशी गेली.

हा आजार तसा नवा नव्हता बरं का. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये याकोब रिटर या डॉक्टरांनी एकाच घरातले सात रुग्ण नोंदवले होते आणि संशय घरातल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर घेतला होता. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये साथ आली, तीही दक्षिण अमेरिकेतून जहाजाने आणलेल्या पोपटांमुळे. पुढे १८९५ मध्ये त्याला 'सिटॅकोसिस' हे नाव मिळालं, पोपटाच्या ग्रीक नावावरून. म्हणजे माहिती होती, पण कुणाच्या लक्षात नव्हती. आमच्याकडे जुन्या डॉक्युमेंटेशनचं जे होतं, तेच.

वॉशिंग्टनच्या हायजिनिक लॅबोरेटरीत हे काम चार्ल्स आर्मस्ट्राँग यांच्याकडे आलं. त्यांनी तळघरात आजारी पोपट ठेवून तपासणी सुरू केली. मदतीला होता हेन्री अँडरसन, सगळे त्याला 'शॉर्टी' म्हणायचे. फेब्रुवारीत शॉर्टी त्याच आजाराने गेला. बाल्टिमोरमध्ये यावरच काम करणारे विल्यम स्टोक्स हे जंतुशास्त्रज्ञही गेले. आर्मस्ट्राँग स्वतः आजारी पडले. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला सीरम टोचल्यावर ते वाचले. पोपटांना हातही न लावलेली इमारतीतली माणसं आजारी पडू लागली, तेव्हा संचालक जॉर्ज मॅकॉय यांनी मार्चमध्ये प्रयोगाचे सगळे पक्षी, प्राणी मारून टाकले आणि अख्खी इमारत विषारी धुराने निर्जंतुक करून घेतली. त्याआधीच, २४ जानेवारी १९३० ला, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी पोपटांची आयात थांबवणारा हुकूम काढला होता. अमेरिकेत त्या साथीत १६९ रुग्ण नोंदले गेले, त्यातले ३३ दगावले.

आता मुख्य प्रश्न. पोपट तर शेकडो वर्षं लोकांच्या घरात होते, मग १९२९ मध्येच असं का झालं?

याचं उत्तर कॅलिफोर्नियात कार्ल मायर यांच्या कामातून मिळालं. आयात बंद झाली तरी रुग्ण सापडतच होते. मायर शोधत गेले ते लॉस एंजेलिसच्या परसांत. मंदीचा काळ, लोक जोडधंदा म्हणून छोटे पोपट वाढवून विकत होते. कुठले? हेच. बजी. मायर यांना दिसलं, की यातले कितीतरी पक्षी दिसायला ठणठणीत, पण आतून संसर्ग झालेले. जंतू गप्प बसलेला असतो. मग त्या पक्ष्यावर ताण आला, म्हणजे गर्दीचा पिंजरा, थंडी, उपासमार, लांबचा प्रवास, की तो विष्ठेतून आणि नाकातल्या स्रावातून जंतू बाहेर टाकायला लागतो. विष्ठा वाळते, तिची धूळ होते, पंख फडफडले की ती उडते आणि माणसाच्या छातीत जाते.

माझ्यासारख्या इंजिनिअरला हे लगेच पटलं. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि लोड आला की सिस्टिम झोपते. बग त्या दिवशी तयार झालेला नसतो, आधीपासूनच असतो. लोड फक्त त्याला बाहेर काढतो. नाताळच्या विक्रीसाठी जहाजांत कोंबलेले पोपट म्हणजे तोच लोड. मोठ्या दुर्घटनेसाठी कुणी खलनायक लागत नाही. सणाची घाई पुरते.

आणि इथे मला मागची दिवाळी आठवली. बंद गाडी, एसीचा झोत पिंजऱ्यावर, चार तासांचा प्रवास. पोचल्यावर निळा बजी दोन दिवस पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसून होता. आम्ही म्हणालो, "दमला असेल." आणि पिंजरा कुठे ठेवला होता? आजीच्या कॉटशेजारी, तिला बघता यावं म्हणून. तिला काहीही झालं नाही. पण हे वाचल्यावर मी रात्री उठून बसलो.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाहीये. १९३० मध्ये घाबरून लोकांनी चांगले पोपट मारले, रस्त्यावर सोडले. तसं काही करू नका. हा आजार क्वचित होतो आणि आज त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखी साधी औषधं आहेत. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हतीच. फक्त घरात पक्षी असेल आणि ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना सांगा, "घरी पक्षी आहे." ते विचारतीलच असं नाही. पिंजरा साफ करताना खालचा कागद आधी ओला करा, धूळ उडू देऊ नका. आणि नवा किंवा मलूल पक्षी घेऊन प्रवास नको.

आमच्यापुरतं मी ठरवलंय. यंदा दोघं शेजारच्या काकूंकडे राहतील, तेच दाणे, तीच जागा. जाण्याआधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीही करून घेणार आहे. आजीला फोन करून सगळं सांगितलं, अमेरिका, जहाज, शॉर्टी, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, रुसली. मग म्हणाली, "बिचारा त्यो शॉर्टी. लगीन झालतं का रं त्याचं?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या दिवाळीपर्यंत शोधून ठेवतो म्हणालो.

तर मंडळी, दिवाळीच्या खूप शुभेच्छा. प्रवास जपून करा. भेटू पुढच्या भागात.