टेबलावरून उठलेला फोन

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीचा इतिहास टेलिफोनवरूनही सांगता येईल. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि माळरानावर कारखाने उभे राहत गेले. बाहेरून आलेला फोन ऑपरेटर एक्स्टेन्शनला जोडून देई. फोन माणसाचा नव्हे, टेबलाचा असे. कामगाराच्या घरचा निरोपही टाइम ऑफिसातल्या फोनवरच येई.

पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली. पिंपरीचा एसटीडी कोड ०२०, चाकणचा ०२१३५. एकाच कंपनीचे दोन कारखाने टेलिफोनच्या हिशेबी दोन गावांत! एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. पण संगणकावरून देशातला साधा फोन लावायला मनाई राहिली. तसे झाले असते तर टेलिफोन कंपन्यांचे एसटीडीचे उत्पन्न बुडाले असते. परवानाधारक कंपन्यांना ही मोकळीक २०१८ मध्ये मिळाली. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या घरी गेल्या आणि एक्स्टेन्शन लॅपटॉपवर आले. नंबर आता माणसाबरोबर फिरू लागला.

सोय मोठी आहे, खर्चही वाचतो. मात्र जुन्या थेट लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेवाटेच वीज मिळे. कारखान्यातली वीज गेली तरी ती चाले. सॉफ्टवेअर फोनला वीज हवी, नेटवर्क हवे. शिवाय मशिनवर उभ्या कामगारापाशी लॅपटॉप नसतो. म्हणून टेबलावरचे फोन खुशाल काढावेत. गेटवरचा आणि शॉपमधला भिंतीवरचा फोन मात्र राहू द्यावा. अपघाताच्या वेळी फोन कुणाचा, याला महत्त्व नसते. तो कुठे आहे, हे सर्वांना ठाऊक असावे लागते.