तृप्त गाभ्याची गोष्ट

मिरजोळे औद्योगिक वसाहतीतला संगणक घ्या किंवा रत्नागिरीतल्या एखाद्या शाळेतला. त्याला वीज पुरवणारी पत्र्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, दोन्हीकडे तीच. ती जळाली की आपण बाहेरच्या विजेला दोष देतो. पण या पेटीचा एक शत्रू आतच असतो : वेटोळ्याच्या गाभ्याची चुंबकीय संपृक्तता.

या शत्रूची ओळख पेटीहून बरीच जुनी आहे. हेन्री रोलंड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७३ साली लोखंड, पोलाद व निकेल यांवर मोजमापे करून त्यांच्या चुंबकत्वाला कमाल मर्यादा असल्याचे मांडले. प्येर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये कारण सुचवले. पदार्थात चुंबकत्वाची लहान लहान क्षेत्रके असतात. ती सगळी एका दिशेला वळली की वळायला काही उरतच नाही.

सिलिकॉनयुक्त पोलादाची ही मर्यादा सुमारे २ टेस्ला. मग तेच का वापरू नये? एसएमपीएसमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. त्या वेगात पोलादात भोवरी प्रवाह उठतात व ते तापते. येथे उपयोगी पडले फेराइट, विजेला रोध करणारे चुंबकीय भस्म म्हणा ना! टोकियोत काटो व ताकेई यांनी १९३० च्या सुमारास आणि नंतर हॉलंडमध्ये फिलिप्सच्या स्नूक यांनी त्यावर काम केले. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही फेराइटवर संशोधन झाले आहे. पण फेराइट ०.४ ते ०.५ टेस्लालाच तृप्त होते, आणि तापल्यावर त्याहूनही आधी.

तृप्त गाभा नसल्यासारखाच. तोवर हळूहळू चढणारी विद्युतधारा मग काही मायक्रोसेकंदांत उसळते आणि फ्यूज वितळण्याआधीच ट्रान्झिस्टर जातो.

उपाय मात्र गमतीचा आहे : गाभ्यात मुद्दाम फट ठेवायची! कागदाच्या जाडीएवढ्या हवेला चुंबकित करणे लोखंडापेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे गाभा उशिरा तृप्त होतो आणि साठलेली बहुतेक ऊर्जा फटीतच राहते. किंमत एवढीच, की प्रेरकत्व घटते. शिवाय १९८० च्या दशकापासून नियंत्रक चिप प्रत्येक स्पंदात धारा मोजून वेळीच स्विच बंद करू लागल्या.

वर्गात दाखवण्यासाठी बिघडलेल्या मोबाइल चार्जरमधला गाभा चांगला. चार्जर शिक्षकांनीच उघडावा, तोही बराच काळ विजेपासून दूर ठेवून. आतल्या धारित्रात धोकादायक दाब उरलेला असू शकतो. गाभ्याचे दोन भाग सुटे झाले, की मधला पाय कडेच्या पायांपेक्षा बहुधा किंचित आखूड दिसतो.