तुमचे लखनौवाले

आजोबांच्या ट्रंकेत तळाशी एक पोस्टकार्ड होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, शाई तपकिरी झालेली. पुण्याहून त्यांच्या धाकट्या भावाने धाडलेलं. वर क्षेमकुशल, मग आईच्या गुडघ्यांचं दुखणं, आणि जागा संपल्यावर पत्त्याच्या कडेला आडवी, दाटीवाटीने बसवलेली एक ओळ : ‘आमच्या देवधरांनी तुमच्या लखनौवाल्यांना दहा गडी राखून लोळवले.’

त्या ‘तुमच्या’ शब्दाने आजोबांना जन्मभर डिवचलं.

आजोबा मूळचे सांगलीचे. भातखंडेबुवांनी १९२६ मध्ये लखनौत मॉरिस कॉलेज काढलं. पुढे रातंजनकर तिथे प्राचार्य झाले आणि महाराष्ट्रातली गाणारी मुलं लखनौची वाट धरू लागली. आजोबा त्यांतलेच. गाणं शिकले, पण गाण्यावर घर चालेना, म्हणून चारबागला रेल्वेत कारकून झाले आणि लखनौचेच होऊन राहिले. घरात मराठी, गल्लीत उर्दूमिश्रित हिंदी, आणि हिवाळ्यात क्रिकेट.

पोस्टकार्डातला सामना १९३९-४० च्या रणजी मोसमाचा अंतिम सामना. पुण्यात झाला. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला संयुक्त प्रांत, म्हणजे आजचा उत्तर प्रदेश. महाराष्ट्राचे कप्तान प्रा. दि. ब. देवधर, स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे, वय अठ्ठेचाळीस. त्याच मोसमात विजय हजारेंनी पुण्यातच बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या होत्या, आणि हजारे सांगलीचे! आजोबांची पंचाईत लक्षात घ्या. गाववाला पलीकडे आणि पगार इकडे. महाराष्ट्राने त्या वर्षी पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. आजोबा म्हणायचे, “मला आनंद झाला रे, पण कार्ड वाचून झाला नाही.”

हजारेंची वाट त्यांनी पुन्हा पाहिली ती १९५२ च्या ऑक्टोबरात. पाकिस्तानचा संघ पहिल्यांदाच भारतात आला होता आणि दुसरी कसोटी लखनौला, गोमतीपलीकडच्या विद्यापीठाच्या मैदानावर होती. आजोबांनी कचेरीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमच्या सांगलीचा माणूस येतोय, बघाच. हजारे आले नाहीत. विनू मंकड नाहीत, हेमू अधिकारीही नाहीत. खेळपट्टीवर तागाची मॅटिंग अंथरलेली. तिच्यावर फझल महमूदचा चेंडू टप्पा पडल्यावर कुठे वळेल याचा आपल्या फलंदाजांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. आपण १०६ आणि १८२. पाकिस्तान ३३१. एक डाव आणि ४३ धावांनी हार, आणि पाकिस्तानचा हा पहिलावहिला कसोटी विजय. फझलचे सामन्यात बारा बळी.

आजोबा मात्र फझलपेक्षा नझर महंमदबद्दल जास्त बोलायचे. सलामीला आला तो डाव संपेपर्यंत नाबाद १२४, आणि आपले दोन्ही डाव तो मैदानात. म्हणजे अख्खी कसोटी तो माणूस एक क्षणही तंबूत बसला नाही. “गाणाऱ्या घरातला,” आजोबा कौतुकाने सांगत. नझरचा भाऊ फिरोज निझामी हा संगीतकार, ‘जुगनू’ चित्रपटाचा. आजोबांच्या मते नझरच्या डावात विलंबित ख्यालाची बैठक होती. शत्रूपक्षाच्या माणसाबद्दल, आणि तेही फाळणीनंतर पाच वर्षांनी, इतकं भरभरून बोलणारे माझे आजोबा मला आजही फार मोठे वाटतात. लखनौचे लोक त्या हरण्याने संतापले होते. आजोबांना दुःख एकाच गोष्टीचं होतं, आणि ते हजारेंचं. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे नागपूरचे हिरालाल गायकवाड त्या कसोटीत खेळले. ती त्यांची एकमेव कसोटी ठरली.

नागपूरचं नाव निघालं की कर्नल सी. के. नायडू आलेच. बाबांच्या लहानपणाची सगळ्यांत मोठी गोष्ट तीच.

नायडूंचा जन्म नागपूरचा, १८९५ चा. १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध अकरा षटकारांसह १५३ धावा करणारे, भारताचे पहिले कसोटी कप्तान. पुढे इंदूरला होळकरांच्या पदरी राहिले आणि होळकर संघाला रणजीत त्यांनी असं काही उभं केलं की मुंबईवाल्यांनाही धाक वाटावा. चार वेळा करंडक. मग संस्थानं गेली, होळकर संघही गेला. पोरका झालेला हा सेनापती १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशाचा कप्तान होऊन रणजीत उतरला. वय एकसष्ट! राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढल्या. समोर गोलंदाज कोण, तर विनू मंकड. त्यालाही षटकार खेचले.

ही बातमी बाबांनी दहाव्या वर्षी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवली. आजोबा जेवत होते. घास तसाच हातात ठेवून म्हणाले, “पुन्हा वाच. वय काय म्हणालास?” बाबांनी पुन्हा वाचलं. आजोबांनी डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला. बाबा हा प्रसंग सांगताना तसाच हात लावून दाखवतात.

म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींवर वाढलेल्या मला एकदा शंका आली, की त्यांत मीठमसाला किती? म्हणून मोठेपणी मी आकडे तपासले. एकसष्ट वर्षं खरी, ८४ धावा खऱ्या. उलट घरच्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मिळाली : नायडूंनी रणजीतल्या आपल्या अखेरच्या डावात ५२ धावा केल्या. इंदूरने घडवलेला हा नागपूरचा माणूस शेवटी उत्तर प्रदेशासाठी खेळून थांबला. तेव्हापासून ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ हा प्रश्न माझ्यापुरता तरी सुटला.

उत्तर प्रदेशाच्या संघाचं नशीब मात्र काही उघडेना. १९७७-७८ मध्ये मोहननगरला अंतिम सामना आणि गुंडाप्पा विश्वनाथच्या २४७ धावा. एका डावाने हार. १९९७-९८ मध्ये पुन्हा कर्नाटक, पुन्हा हार. आजोबा त्याच्या आदल्याच वर्षी गेले. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला विचारलं होतं, आपली मुलं यंदा कशी खेळताहेत? आपली मुलं. इतक्या वर्षांत शब्द बदललेला होता.

आणि ही मुलं कुठून येत, तेही सांगायला हवं. मोठ्या शहरांतल्या मोठ्या क्लबांतून नव्हे. कैफ अलाहाबादचा, प्रवीणकुमार मेरठचा, पीयूष चावला मुरादाबादचा. सुरेश रैना मुरादनगरहून लखनौच्या स्पोर्ट्स कॉलेजच्या वसतिगृहात आला तेव्हा शाळकरी पोर होता. पत्र्याची पेटी आणि बिस्तरा घेऊन चारबागला उतरणारी असली मुलं आजोबांनी नोकरीत असताना पाहिली, मी कॉलेजात असताना पाहिली. उत्तर प्रदेशाचा संघ म्हणजे ही वसतिगृहं, असं माझं ठाम मत आहे.

२००५-०६ चा अंतिम सामना लखनौलाच, के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर आला. हॉकीपटूचं नाव असलेलं हे मैदान आजोबांच्या मॉरिस कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. समोर बंगाल. बाबा निवृत्त झालेले, मी रजा टाकली. सिमेंटच्या पायऱ्या हिवाळ्यात बर्फासारख्या गार असतात. बाबांनी चौघडी घातलेलं वर्तमानपत्र बुडाखाली घेतलं. शेजारी भुईमुगाच्या शेंगा आणि त्यांच्याबरोबर लखनौत मिळते ती हिरव्या मिरचीच्या मिठाची पुडी. ऊन चढेपर्यंत मफलर कुणी सोडला नाही. रणजीत निकाल लागला नाही तर पहिल्या डावाची आघाडी ज्याची त्याची जीत, त्यामुळे आघाडी मिळवायची आणि मग राखायची, असं ते पाच दिवसांचं चिवट काम. त्यात झगमगाट नाही. ज्याला तो धीर समजतो त्याला त्यासारखं दुसरं सुख नाही.

आघाडी उत्तर प्रदेशाला मिळाली आणि करंडकही. कैफने तो उचलला तेव्हा बाबा टाळ्या वाजवत नव्हते. हात खिशात घालून उभे होते. पुण्यातल्या त्या अंतिम सामन्यापासून सहासष्ट वर्षं झाली होती.

घरी आल्यावर त्यांनी पोस्टकार्ड मागितलं. मी म्हटलं, फोन करा की. “कार्डाला उत्तर कार्डानेच द्यायचं असतं,” ते म्हणाले. पुण्याचे धाकटे आजोबा तेव्हा हयात होते, नव्वदीला टेकलेले. बाबांनी लिहिलं : ‘काका, सा. न. आमच्या लखनौवाल्यांनी रणजी करंडक जिंकला. दादा असते तर त्यांनीच कळवलं असतं.’

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर थरथरतं, पण ओळ सरळ : ‘फार आनंद झाला. माझ्या त्या कार्डाबद्दल दादाने मला माफ केले असेल असे समजतो. आता आमचा नंबर कधी?’

त्यानंतर तीन वर्षांनी हैदराबादला उत्तर प्रदेशाची मुंबईशी अंतिम गाठ पडली. अठरा वर्षांच्या भुवनेश्वरकुमारने सचिन तेंडुलकरला शून्यावर बाद केलं. भारतातल्या प्रथम दर्जाच्या देशी स्पर्धांमध्ये सचिन पहिल्यांदाच शून्यावर गेला. आमच्या घरात क्षणभर सगळे गप्प. मग बाबांनी टाळी वाजवली आणि आई आत निघून गेली. रोहित शर्माने दोन्ही डावांत शतकं ठोकली, मुंबई जिंकली, आणि संध्याकाळी आईने शिरा केला. दोघांचंही मला पटलं.

धाकट्या आजोबांचा नंबर काही लागला नाही. महाराष्ट्राने १९४०-४१ मध्ये देवधरांच्याच कप्तानीत करंडक दुसऱ्यांदा जिंकला, त्यानंतर आजवर नाही. २०१३-१४ मध्ये अंतिम सामना गाठला तेव्हा कर्नाटक आडवं आलं. ते पाहायला धाकटे आजोबा नव्हते.

दोन्ही कार्डं आता माझ्याकडे आहेत. पुणेकर वाचकांना एक विनंती : या हिवाळ्यात महाराष्ट्राचा सामना तुमच्या गावात असेल तेव्हा एखादा दिवस काढून जा, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यालाही न्या. पायऱ्या गार असतात. बसायला वर्तमानपत्र घेऊन जा.