पुरलेला परतीचा पत्ता

आमच्या गव्हाणास भात झोडण्यापूर्वीं खळ्याशेजारीं भाऱ्यांची उडवी रचली जात असे. शेवटीं ठेवलेला भारा आधीं निघतो, आणि तळचा हवा असल्यास वरचे सर्व उतरावे लागतात, हें तेथील पोरासही ठाऊक होतें. हीच साधी गोष्ट गणकयंत्रांत रुजावयास मोठमोठ्या पंडितांच्या काळींही बरींच वर्षें लागलीं, हें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल.

एक आज्ञावली दुसरीस कामास लावते, तेव्हां काम संपल्यावर कोठें परतावयाचें हें कोठें तरी लिहून ठेवावें लागतें. इंग्लंडांत ॲलन ट्यूरिंग यांनीं १९४६ सालीं सादर केलेल्या आराखड्यांत हा पत्ता पुरून ठेवण्याची व मागाहून उकरून काढण्याची युक्ति सांगितली. हे शब्द त्यांच्याच योजनेचे. १९५७ सालीं जर्मनींत बावर व सामेलसन यांनीं अशाच रचनेस तळघर म्हटलें. तथापि कल्पना निघणें निराळें आणि ती यंत्रांत उतरणें निराळें. १९६४ सालीं मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सीडीसी ३६०० हें यंत्र आलें व देशभरच्या संशोधकांची त्यावर गर्दी झाली. पण त्यांत परतीचा पत्ता बोलाविलेल्या आज्ञावलीच्या उंबरठ्यावरच लिहिला जाई. तिनें स्वतःसच पुन्हां बोलाविलें, कीं नवा पत्ता जुन्यावर बसे आणि परतीची वाट पुसली जाई.

पुढें १९७४ सालीं पवईच्या आयआयटींत ईसी-१०३० आलें. यंत्र सोव्हिएत, घडण मात्र अमेरिकन आयबीएम ३६० बरहुकूम! या घराण्यांतही यंत्रानें रचलेली उडवी नव्हतीच. तिची उणीव शिस्तीनें भरून काढलेली होती. प्रत्येक आज्ञावली १८ शब्दांची एक जागा राखून ठेवी. तिचा पत्ता १३ क्रमांकाच्या रजिस्टरांत असे, आणि तिच्या दुसऱ्या शब्दांत बोलाविणारीच्या तशाच जागेचा पत्ता असे. आज्ञावली मध्येंच कोसळली, कीं स्मृतीचा छापील गठ्ठा, ज्यास डंप म्हणत, हातीं येई. यंत्राचा वेळ दुर्मिळ, म्हणून शोध कागदावरच घ्यावयाचा.

समजा, पगारपत्रकाची बेरीज होतां होतां ०सी७ असा संकेत देऊन काम थांबलें. म्हणजे अंकांच्या जागीं अंक नसलेलें कांहीं तरी आढळलें. कार्डें टोंचणाऱ्या मुलीचा दोष, असें कोणीही सहज म्हणावें, आणि तिची नोकरी ती केवढी! परंतु वाचणारा पेन्सिल घेऊन साखळीनें मागें जाई. बेरीज कोणीं मागितली, तिला आंकडा कोणीं पुरविला, हें एकेक पायरीनें काढी, आणि अखेरीस कार्डावरील मजकूर जेथें उतरला होता तेथें पोंचे. रकाना कोरा असल्यास तेथें ४० दिसे, शून्य टोंचलेलें असल्यास एफ०. ४० निघाले तर मुलीस विचारणें रास्त. पण कार्डांतील अंक धड, आणि बेरजेच्याच घरांत कचरा, असें दिसलें तर तें घर आरंभीं शून्य करावयाचें आज्ञावलीचा लेखकच विसरला होता. आणि हा लेखक बहुधा तोच असे, जो पेन्सिल घेऊन तो गठ्ठा वाचीत बसलेला असे.