ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षण व बँकव्यवहारांतील डिजिटल तंत्रज्ञान

ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षण व बँकव्यवहारांतील डिजिटल तंत्रज्ञान या विषयात शाळांमधील संगणक, प्रक्षेपक, क्यूआर संकेत व भ्रमणध्वनीद्वारे होणारे अध्यापन तसेच आधारसंलग्न खाती, बँकमित्र, कार्डयंत्रे व यूपीआय यांद्वारे होणारे आर्थिक व्यवहार यांचा समावेश होतो. विकसनशील देशांत हे तंत्रज्ञान सरकार, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था, खासगी कंपन्या व स्थानिक शिक्षक अशा अनेकांच्या पुढाकाराने रुजले. महाराष्ट्रात या प्रत्येक मार्गाची उदाहरणे आढळतात. सर्व भागांत त्याचा लाभ मात्र सारखा पोहोचलेला नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याचा कशेळे परिसर व लगतचा खालापूर तालुका हे मुंबई-पुणे या महानगरांच्या मध्यावर असूनही त्यांतील डोंगराळ वाड्या या विषमतेचे उदाहरण ठरतात.

पार्श्वभूमी

ग्रामीण भागात संगणक नेण्याचा देशातील एक आरंभीचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यात केंद्र व राज्य शासन, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणा सहकारी समूह सहभागी होते. गावोगावी संगणक केंद्रे उभारून शेतीविषयक माहिती, शिक्षण व शासकीय सेवा पुरविणे हा त्यामागील उद्देश होता. प्रत्यक्षात ही केंद्रे मुख्यत्वे ऊसतोडणीची परवानगी, उसाचे वजन व खतखरेदी यांसारख्या कारखान्याशी निगडित नोंदींसाठी वापरली गेली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाने 'वारणा अनवायर्ड' या प्रयोगात सात गावांतील संगणकांऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांची व्यवस्था करून पाहिली. तीच कामे कमी खर्चात होऊ शकतात, असे त्यातून दिसून आले. गावाला ज्या व्यवहाराची गरज असते तोच तंत्रज्ञानाच्या द्वारे टिकतो, हा वारणेचा अनुभव पुढील अनेक प्रकल्पांना लागू पडला.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची (एमकेसीएल) स्थापना झाली. या संस्थेच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या व बाजारपेठेच्या गावांत संगणक प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने हा अभ्यासक्रम घराघरांत परिचित झाला.

शिक्षणक्षेत्र

*खैराट येथील प्रयोग*

'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' (ओएलपीसी) या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रायोगिक प्रकल्प २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावी सुरू झाला. एकशिक्षकी शाळेतील प्राथमिक वर्गांच्या मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे 'एक्सओ' लॅपटॉप देण्यात आले. त्यापूर्वी २००६ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या उपक्रमात सहभागी होण्यास नकार दिला होता. इतका मोठा खर्च लॅपटॉपवर करण्याऐवजी शिक्षक व वर्गखोल्या यांवर करणे अधिक गरजेचे आहे, अशी भूमिका त्यामागे होती. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप बाजारात येईपर्यंत सुमारे १८८ डॉलरपर्यंत पोहोचला. खैराटच्या प्रयोगाची बरीच चर्चा झाली, तथापि त्याचा राज्यभर विस्तार झाला नाही.

*शिक्षकांचा पुढाकार*

२०१० नंतरच्या दशकात बदलाची सूत्रे मोठ्या प्रमाणात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांकडे आली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील शाळेत संदीप गुंड यांनी लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला व तो पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्यानंतर लोकवर्गणी, ग्रामपंचायतीचा निधी व कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांतून प्रक्षेपक, दूरचित्रवाणी संच व टॅब्लेट खरेदी करण्याची लाट आली.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत जोडून त्याद्वारे कविता, चित्रफिती व स्वाध्याय उपलब्ध करून दिले. पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत स्वीकारण्यात आली. २०१७ साली केंद्र शासनाने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. क्यूआर संकेत त्याला जोडले गेले. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली.

*करोनाकाल*

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यानंतर राज्यात 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' ही मोहीम राबविण्यात आली. शिक्षकांनी पालकांचे व्हॉट्सॲप गट तयार केले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका जुलै २०२० पासून प्रसारित झाली. याच काळात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड आदी तालुक्यांत विजेचे खांब व भ्रमणध्वनीचे मनोरे कोसळल्याने तेथील अनेक गावे दीर्घकाळ संपर्काबाहेर राहिली. साहजिकच तेथे ऑनलाइन शिक्षणाचा प्रश्नच उरला नाही.

'असर' अहवालांनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्के व २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. मात्र २०२१ मध्ये घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकीही २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. घरातील एकमेव फोन कमावती व्यक्ती कामावर घेऊन जाते, हे त्याचे साधे कारण होय.

बँकव्यवहार

*खाते, ओळख व बँकमित्र*

जानेवारी २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना प्रतिनिधींमार्फत सेवा देण्याची मुभा दिली. शाखा नसलेल्या गावात बँकेच्या वतीने रोख देणारा-घेणारा हा प्रतिनिधी पुढे 'बँकमित्र' म्हणून ओळखला जाऊ लागला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली. खाते, आधार व भ्रमणध्वनी या तिन्हींची सांगड घालून रोजगार हमीची मजुरी, शिष्यवृत्ती व निवृत्तिवेतन थेट खात्यात जमा करण्याची पद्धत रूढ झाली. आधारसंलग्न पद्धतीत खातेदार बँकमित्राकडील यंत्रावर बोटाचा ठसा देऊन पैसे काढतो. त्यासाठी कार्ड, सही अथवा अक्षरओळख यांची आवश्यकता नसते.

जागतिक बँकेच्या 'फिन्डेक्स' पाहणीनुसार भारतातील खातेधारक प्रौढांचे प्रमाण २०११ मध्ये ३५ टक्के, २०१४ मध्ये ५३ टक्के व २०१७ मध्ये ८० टक्के होते. २०२१ मध्ये ते ७८ टक्के नोंदले गेले. खाते असणे व खाते वापरणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. अनेक खाती अनुदान काढण्यापुरतीच उपयोगात येतात.

*यूपीआय व 'कॅशलेस' गावे*

भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय प्रणालीचा आरंभ केला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्या आणि डिजिटल व्यवहारांकडे सक्तीने लक्ष वेधले गेले. १ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर करण्यात आले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक व बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने तेथील व्यापाऱ्यांना कार्डयंत्रे देण्यात आली. वडापावच्या गाडीपासून धान्याच्या दुकानापर्यंत कार्ड चालते, अशा बातम्या त्या वेळी देशभर झळकल्या. नोटांची चणचण संपल्यावर, तसेच जोडणीतील खंडांमुळे, गावातील बरेचसे व्यवहार पुन्हा रोखीकडे वळल्याचे पुढील वृत्तांतांत नमूद आहे.

अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटातील हरिसाल हे गाव राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने 'डिजिटल गाव' म्हणून विकसित करण्यात आले. २०१९ च्या लोकसभा निवडणूक प्रचारात राज ठाकरे यांनी चित्रफीत दाखवून तेथील सुविधांच्या स्थितीवर प्रश्न उपस्थित केले व हे गाव राजकीय वादाचा विषय झाले.

साध्या फोनवरून व्यवहार करता यावा यासाठी '*९९#' ही सेवा व ८ मार्च २०२२ पासून 'यूपीआय १२३पे' ही सोय उपलब्ध आहे. सहकाराच्या क्षेत्रात, सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र शासनाने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली.

कशेळे परिसर

कशेळे हे कर्जत-मुरबाड मार्गावरील गाव असून सह्याद्रीच्या पायथ्याच्या अनेक ठाकर व कातकरी वाड्यांचा तेथे नित्य संबंध येतो. ग्रामीण रुग्णालय येथेच आहे. कोथळीगड अर्थात पेठच्या किल्ल्याकडे जाणारी वाटही येथून फुटते. येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँकेचा उपक्रम राबविला होता. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की सावकाराकडून दीडपट-दुप्पट परतफेडीच्या बोलीवर धान्य घ्यावे लागे. त्याऐवजी वाडीच्याच सामाईक साठ्यातून धान्य उसने घ्यायचे व सुगीनंतर थोड्या वाढीसह परत करायचे, अशी ही पद्धत होती. बँक म्हणजे गरजेच्या दिवशी हाताशी असलेला साठा, ही कल्पना या भागात डिजिटल खात्यांच्या पुष्कळ आधी परिचित होती.

कातकरी समाज केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित आदिम जमातींच्या यादीत आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या चक्राचा दोन्ही क्षेत्रांवर परिणाम होतो. स्थलांतरित मुलाचे नाव शाळेच्या ऑनलाइन पटावर असते. मूल मात्र वर्गात नसते. त्याचप्रमाणे भ्रमणध्वनीचे सिमकार्ड बदलल्यास खात्याशी जोडलेला क्रमांक बंद होतो आणि एकवेळचा परवलीचा आकडा (ओटीपी) खातेदारापर्यंत पोहोचत नाही.

करोनाकाळात राज्य शासनाने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान योजना पुन्हा राबविली. प्रत्येक पात्र कुटुंबास ४,००० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. त्यापैकी निम्मे वस्तुरूपाने व निम्मे बँक खात्यात द्यावयाचे होते. अशा योजनेत ज्या कुटुंबाचे खाते अथवा आधारजोडणी नाही, त्याच्याकडे शिधा पोहोचू शकतो, परंतु रोख रक्कम अडकते. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी आरंभलेल्या 'पीएम-जनमन' अभियानात आधार नोंदणी, जनधन खाती व भ्रमणध्वनी जोडणी यांचा समावेश असून महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या जमाती त्याच्या कक्षेत येतात.

अन्य विकसनशील देशांतील अनुभव

केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने 'एम-पेसा' ही भ्रमणध्वनीवरील पैसे पाठविण्याची सेवा सुरू केली. ती साध्या फोनवर चालत असे व गल्लोगल्लीचे दुकानदार तिचे प्रतिनिधी होते. २०१६ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तवनीत सुरी व विल्यम जॅक यांच्या अभ्यासानुसार या सेवेमुळे सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे केनियातील २ टक्के कुटुंबे, दारिद्र्याबाहेर आली. बांगलादेशात २०११ पासून 'बिकाश' ही अशीच सेवा रुजली.

शिक्षणात मात्र निष्कर्ष संमिश्र आहेत. पेरू देशात ओएलपीसी लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आले. ३१९ ग्रामीण शाळांच्या २०१२ मधील मूल्यमापनात गणित व भाषा या विषयांतील गुणांवर त्याचा परिणाम दिसून आला नाही. उरुग्वेने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'प्लान सैबाल' योजनेत लॅपटॉपसोबतच जोडणी, दुरुस्ती व शिक्षक प्रशिक्षण यांची कायमस्वरूपी व्यवस्था केली आणि ती योजना टिकून राहिली.

अडचणी

* वीज व जोडणी : ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. ती पुढे 'भारतनेट' नावाने ओळखली गेली. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली जोडणी डोंगरावरील वाडीतील शाळेपर्यंत जाईलच असे नाही. वीजबिल थकल्याने जिल्हा परिषद शाळांची वीज तोडली गेल्याचे प्रकारही राज्यात घडले आहेत.
* देखभाल : लोकवर्गणीतून यंत्र विकत घेता येते. त्याच्या दुरुस्तीसाठी मात्र दरवर्षीची तरतूद लागते व ती बहुधा नसते.
* ठसे न जुळणे : शेतमजूर, वीटभट्टी कामगार व वृद्ध यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्राने ठसा नाकारल्यास खात्यात पैसे असूनही हाती येत नाहीत.
* भाषा व साक्षरता : व्यवहाराचा संदेश इंग्रजीत आल्यास किती रक्कम जमा झाली अथवा काढली गेली, हे खातेदारास दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते.
* फसवणूक : ओटीपी विचारून घेणे, बनावट ठसे वापरणे, काढलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे हाती देणे असे प्रकार आढळतात. पावतीचा आग्रह, खातेपुस्तकातील नोंद व सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा मदत क्रमांक हे त्यावरील प्राथमिक उपाय होत.

मूल्यमापन

समर्थकांच्या मते थेट खात्यात रक्कम जमा झाल्याने मध्यस्थांची गळती कमी झाली, स्त्रियांच्या नावे स्वतंत्र खाती निघाली आणि दुर्गम शाळेतील मुलालाही शहरातील मुलाइतकेच शैक्षणिक साहित्य उपलब्ध झाले. टीकाकारांच्या मते जुन्या मध्यस्थाची जागा यंत्र चालविणाऱ्या नव्या मध्यस्थाने घेतली असून ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामामुळे शिक्षकांचा अध्यापनाचा वेळ कमी झाला आहे. रोजगार हमीची मजुरी १ जानेवारी २०२४ पासून आधारआधारित पद्धतीनेच देण्याच्या निर्णयावरही, नोंदीतील किरकोळ तफावतीमुळे मजूर वंचित राहतील, असा आक्षेप घेण्यात आला.

वारणा, खैराट, पाष्टेपाडा व धसई येथील अनुभवांत एक साम्य दिसते. जेथे यंत्रामागे रोजची गरज व ते सांभाळणारा जबाबदार माणूस होता, तेथे तंत्रज्ञान टिकले. जेथे केवळ उद्‌घाटन झाले, तेथे ते मागे पडले.

हेही पहा

* कशेळे
* कर्जत तालुका
* कातकरी
* प्रधानमंत्री जनधन योजना
* महाराष्ट्र ज्ञान महामंडळ
* एम-पेसा