चारहि चाकांस सारखा ब्रेक

मोटारगाडी वेगानें पळविणें मनुष्यास लवकर साधलें. तिला सरळ थांबविणें मात्र उशिरां साधलें. अमेरिकेंत फोर्डनें १९०८ सालीं काढलेल्या 'टी' गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, गिअरच्या पेटींत चाले. डिसेंबर १९२७ मध्यें आलेल्या 'ए' गाडीनें चारहि चाकांस ब्रेक दिले. पायपट्टी दाबतांच पोलादी सळया ओढल्या जात आणि अस्तर लावलेले अर्धवर्तुळाकार शू फिरत्या ड्रमला आंतून भिडत.

परंतु अस्तर झिजे, फट वाढे, आणि चारहि चाकांची झीज सारखी नसे. एका बाजूची पकड अधिक झाली कीं गाडी तिकडे ओढली जाई. ओल्या रस्त्यावर हा दोष जिवावर बेते. म्हणून मालक घरींच एकेक चाक जॅकवर उचली, ड्रममागील चौकोनी डोक्याचा स्क्रू चाक अडेपर्यंत पिळी, आणि तें मोकळें फिरेल इतकाच सैल करी.

१९३९ च्या नमुन्यांपासून फोर्डनें सळयांऐवजीं द्रवदाब स्वीकारला. दाबाची वांटणी द्रवाकडे गेली. झिजलेल्या अस्तराची फट मात्र पुढेंहि बरीच वर्षें माणसाच्या हातालाच जुळवावी लागली.