मौलाबख्शांच्या बडोद्यात

साल 1886, महिना फेब्रुवारीचा. मुंबईहून आलेल्या गाडीतून तुम्ही बडोदे स्टेशनात उतरता. विश्वामित्रीचा पूल ओलांडता ओलांडता डावी-उजवीकडे पाहून घ्या. कमाठीबाग अजून नवी आहे, झाडं पुरती वाढलेली नाहीत. लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम चाललेलं आहे, तो पुरा व्हायला आणखी चार वर्षं जातील. कवळाण्याहून दत्तक आलेले महाराज सयाजीराव पुढच्या महिन्यात तेवीस वर्षांचे होतील.

शहरात शिरलात की कान दोन भाषांत वाटले जातात. पेढीवर, बाजारात, ओट्यावर गुजराती. कचेरीत, सरदारांच्या वाड्यांत आणि राजवाड्यात मराठी. पण तुम्ही इथे आलात ते गाणं ऐकायला, आणि गाणं या शहरात कुठे राहतं ते आधी समजून घ्यायला हवं. ते राहतं कलावंत कारखान्यात. गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, नर्तकी असे सगळे या एका खात्याचे पगारी नोकर. महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या. 1880 साली त्यांचं लग्न होऊन त्या आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकीही आल्या आणि कारखान्यात दाखल झाल्या. दरबार भरला, सण आला, पाहुणा आला की हुकूम सुटतो आणि कलावंत उभे राहतात. बाहेरच्या माणसाला त्यातलं काय मिळतं? लांबून कानावर पडेल तेवढं. आणि कलावंताच्या घरातली विद्या तर त्याहून बंद. ती बापाकडून मुलाकडे जाते, फार तर एखाद्या गंडाबंद शागिर्दाकडे, तीही वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर.

सूरसागर तलावाच्या बाजूला चला. तिकडे आज जे उभं राहतंय त्याचं नाव आहे गायनशाळा, आणि तिचे प्रमुख आहेत उस्ताद मौलाबख्श. पण आत जाण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण या माणसाने शाळा का काढली ते त्याच्या पोरवयात शिरल्याशिवाय कळत नाही.

अंधार पडलेला आहे. तुम्ही एका घराच्या भिंतीला लागून उभे आहात. आत घसीट खाँ नावाचे गवई रियाज करताहेत. ते कुणाला शिकवत नाहीत. तुमच्या शेजारी एक तरुण बसला आहे. 1833 साली दिल्लीकडच्या मुलखात जन्मलेला, लहानपणीच आईबाप गेलेला. मूळ नाव चोले खाँ. एका फकिराला गाणं ऐकवलं तेव्हा त्याने दिलेलं नाव मौलाबख्श. दारावरच्या माणसाशी त्याने मैत्री जोडली आहे, म्हणून इथे बसता येतं. आतली चीज तो डोळे मिटून ऐकतो, मनात बांधतो आणि आपल्या खोलीवर जाऊन घोटतो. हे असं बरेच दिवस चालतं. मग एकदा रस्त्याने जाताना घसीट खाँना स्वतःचीच गायकी दुसऱ्याच घरातून ऐकू येते. ते आत जातात, आणि समोर हा पोरगा. त्याला हाकलून न देता ते शिष्य करून घेतात. ही हकीगत मौलाबख्शांच्या घराण्यात सांगत आले आहेत. बारीकसारीक तपशील सांगणाऱ्यागणिक वेगळा असेल. पण उत्तर हिंदुस्थानात गाणं शिकू पाहणाऱ्या गरीब, पोरक्या मुलाच्या वाट्याला काय यायचं, ते तिच्यात पुरतं सापडतं.

आता दक्षिणेकडे, म्हैसूरला. तिसरे कृष्णराज वोडेयार यांचा दरबार. इथे मौलाबख्श गाऊन मान मिळवतात, पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. ते कर्नाटक संगीत शिकतात. उत्तरेतला उस्ताद दक्षिणेत जाऊन पुन्हा विद्यार्थी होतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. तिकडे लहान मुलाला आधी सरळी, मग अलंकार, मग गीतं, मग वर्णम अशा पायऱ्यांनी चढवतात. पहिल्या दिवशी काय आणि शंभराव्या दिवशी काय, हे ठरलेलं असतं. पुढे बडोद्यात त्यांनी जी शिकवण्याची रीत बसवली तिच्यात या पायऱ्या मला स्पष्ट दिसतात. म्हैसूर दरबाराने त्यांना छत्र-चामरांसारखी राजचिन्हं बहाल केली आणि टिपू सुलतानाच्या वंशातल्या मुलीशी त्यांचं लग्न झालं, असंही घराण्यात सांगतात.

पुढचा मुक्काम लवकर उरकू. खंडेराव गायकवाडांच्या काळात, म्हणजे 1870 च्या आधी, तुम्ही बडोद्याच्या दरबारात उभे आहात. हिरे, मोती आणि कुस्त्या यांचा शौक असलेला हा राजा. त्याच्यापुढे मौलाबख्श गातात, पण म्हैसूरची मानचिन्हं मिरवणारा गवई राजाच्या डोळ्यांत सलतो. बेबनाव होतो, मौलाबख्श बडोदे सोडतात. हैदराबाद, कलकत्ता अशी भटकंती होते. कलकत्त्यात सौरींद्रमोहन टागोरांनी 1871 मध्येच संगीताची शाळा काढलेली आहे. मुंबईत पारशी मंडळींची गायन उत्तेजक मंडळी 1870 पासून, पुण्यात गायन समाज 1874 पासून. म्हणजे गाणं घराबाहेर काढून चारचौघांत आणायचा विचार हवेत होता. मात्र तो चालवणारे बहुतेक शिकलेले हौशी गृहस्थ होते. ज्यांच्या हातात खरी विद्या होती, त्या उस्तादांपैकी कोण पुढे येतो, हा प्रश्न शिल्लक होता.

चला परत 1886 मध्ये, आणि आता आत या. बसायला घाई करू नका. दारात उभं राहून पाहा. बडोद्यात परतलेले मौलाबख्श त्रेपन्न वर्षांचे आहेत. गळा आहे, बीन हातात आहे, जलतरंगावर प्रभुत्व आहे. हवं तर ते आयुष्यभर दरबारात बसून पगार घेऊ शकले असते. त्याऐवजी ते मुलांसमोर बसले आहेत. एक-दोन शागिर्दांसमोर नव्हे, वर्गासमोर. ब्राह्मणाचा मुलगा आहे, वाण्याचा आहे, मुसलमानाचा आहे. कुणाच्या मनगटावर गंडा नाही. खर्च राज्याचा आहे. इयत्ता आहे, पाठ ठरलेले आहेत, परीक्षा होणार आहे. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट: गाणं लिहिलेलं आहे.

हे लिहिणं किती मोठं होतं ते आज वही उघडली की स्वरलिपी सापडणाऱ्या आपल्याला चटकन जाणवत नाही. त्या काळच्या गवयाची दौलत म्हणजे त्याला येणाऱ्या चिजा. लेकीच्या लग्नात चिजा आंदण दिल्याच्या कथा आपण ऐकतो, त्या उगाच नाहीत. एखादी बंदिश चोरीला जाऊ नये म्हणून मैफिलीत ती अर्धवट गाणारे गवई होते. अशा जगात मौलाबख्श सूर, मात्रा आणि ताल यांच्या खुणा ठरवतात आणि चिजा कागदावर उतरवून छापायला देतात. ‘संगीतानुभव’ हे त्यांचं पुस्तक 1888 चं. कागदावर आलेली चीज आता पटेलाच्या मुलालाही वाचता येणार, कारकुनाच्या मुलालाही. कागदावरून गाणं पुरतं शिकता येत नाही हे खरंच; मींड, आंदोलन, आवाजाचा लगाव हे गुरूपुढे बसूनच यायचं. मौलाबख्शांनाही ते ठाऊक असणार, नाहीतर शाळा कशाला काढली असती? पण ज्याच्याकडे गुरू नाही, त्याला निदान दाराशी तरी येता यावं, एवढं लिपीने साधलं.

मुलं काय गाताहेत तेही ऐका. नुसते दरबारी ख्याल-धृपद नाहीत. बडोदे हे गुजराती आख्यानकवी प्रेमानंदांचं गाव. माणभट्ट तांब्याच्या माणावर अंगठ्यांनी ठेका धरून आख्यान सांगतो आणि सारा चौक ऐकतो, अशी इथली जुनी परंपरा. संतकवी नरसिंह मेहतांच्या मामेरूची, म्हणजे लेकीला माहेरहून करायच्या आहेराची, कथा इथल्या बायकांना तोंडपाठ. मौलाबख्श याच मामेरूची पदं स्वरलिपीत बसवतात आणि छापतात. दिल्लीकडून आलेला मुसलमान उस्ताद नरसी भगताची पदं सूर-तालात बांधून शाळेतल्या पोरांच्या हाती देतो. गावाला जे गाणं आपलं वाटतं, त्यापासून सुरुवात केली तरच गाव शाळेत येईल, हे या माणसाला उमगलं होतं. प्रचारक म्हणून त्यांचं मोठेपण मी इथे मानतो. दरबारचं गाणं लोकांना ऐकवा, असं म्हणणारे पुष्कळ झाले. लोकांचं गाणं शास्त्राच्या पंक्तीला बसवणारे थोडे.

महाराजांचा भाग विसरू नका. प्रजेने शिकलं पाहिजे हा सयाजीरावांचा ध्यास. 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्या ध्यासात त्यांनी गाणंही धरलं, म्हणून मौलाबख्शांच्या कल्पनेला जागा आणि पैसा मिळाला. मौलाबख्शांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले, तेही बडोद्याच्याच आश्रयावर.

शाळेतून निघून उस्तादांच्या घरी डोकावा. घर मोठं आहे, माणसांनी भरलेलं. जावई रहमत खाँ धृपदिये. नातू इनायत 5 जुलै 1882 ला याच घरात जन्मला. थोडं पुढे सरका, पोरगा आठ-नऊ वर्षांचा होऊ द्या. दरबारात उभा राहून तो गणपतीचं संस्कृत स्तोत्र गातो आणि महाराज खूश होऊन त्याला मोत्यांचा हार आणि शिष्यवृत्ती देतात, अशी घरातली आठवण. हाच इनायत मोठा होऊन आजोबांच्या गायनशाळेत शिकवतो, आणि 13 सप्टेंबर 1910 ला बोटीने अमेरिकेला निघतो. युरोप-अमेरिकेत सूफी विचार पोहोचवणारे हजरत इनायत खाँ ते हेच. त्यांची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमधून दोस्तांसाठी बिनतारी संदेश पाठवत राहिली आणि 13 सप्टेंबर 1944 ला डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. मौलाबख्शांची ती पणती.

1896 मध्ये मौलाबख्श गेले. त्यांच्यामागे शाळा बंद पडली नाही, आणि माझ्या लेखी त्यांच्या कामाची हीच खरी परीक्षा. दरबारचा गवई गेला की त्याच्याबरोबर त्याचं गाणं जायचं. इथे माणूस गेला तरी वर्ग भरत राहिला.

आता शेवटचा थांबा, मार्च 1916. बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आहे. पुढाकार पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा, आश्रय सयाजीरावांचा. देशभरातून गवई आणि विद्वान आले आहेत. राग कसे ठरवावेत, स्वरलिपी एकच असावी का, संगीताचं शिक्षण कसं द्यावं यावर वाद चालला आहे. तुम्ही मागच्या रांगेत बसून ऐका. स्वरलिपी, क्रमिक पाठ, शाळा, परीक्षा या सगळ्या गोष्टी या शहरात तीस वर्षांपूर्वीच सुरू झालेल्या होत्या. परिषदेला बडोद्यासारखं ठिकाण लाभलं, त्यामागे ही तीस वर्षंही आहेत.

आणि इथेच आपल्या मराठी वाचकांशी थोडं बोलायचं आहे. बडोद्याचं गाणं म्हटलं की आपल्याला आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ आठवतात, बडोदेकर म्हणून हिराबाई आठवतात. संगीतशिक्षणाचा विषय निघाला की दोन विष्णूंची नावं येतात: 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पलुसकर आणि पद्धती घालून देणारे भातखंडे. दोघांचं काम डोंगराएवढं आहे, त्यातलं तिळभरही कुणाला कमी करता येणार नाही. पलुसकरांनी गाणं राजाश्रयाशिवाय जगवून दाखवलं, भातखंड्यांनी शेकडो बंदिशी जमवल्या आणि शास्त्र रचलं. पण आपल्या सांगण्यात एक ठरीव सूर कायमचा बसून गेला आहे: उस्तादांनी विद्या कोंडून ठेवली आणि शिकलेल्या पंडितांनी ती मोकळी केली. बडोद्याची हकीगत या सांगण्यात बसत नाही, म्हणून ती वगळली जाते. विद्या मोकळी करणाऱ्यांच्या पहिल्या फळीत एक मुसलमान उस्ताद होता, त्याने ते स्वतःची चिजांची दौलत छापायला देऊन केलं, आणि मराठी राजाने गुजराती मुलुखात त्याच्या पाठीशी राज्य उभं केलं. यात बाहेरून कुणी कुणाचा उद्धार केलेला नाही.

ती गायनशाळा आजही आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 मध्ये निघालं, पुढे शाळा त्याच्या छत्राखाली आली, आणि आज तिथे संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवणारी विद्याशाखा चालते. तुम्ही संगीताचे विद्यार्थी असाल, शिक्षक असाल, परीक्षेसाठी संगीताच्या इतिहासाचं टिपण काढत असाल, तर एवढं करा: 1901 च्या ओळीवर आणखी एक ओळ लिहा. 1886, बडोदे, गायनशाळा, उस्ताद मौलाबख्श.